प्रारब्धात असेल ते होईल, मग हक्क कशाला मागायचा?

पत्रातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सज्ञान आहे, कमावती आहे आणि तिनं जातीबाहेरच्या मुलाशी लग्न करायचं ठरवलं आहे. वडील माळकरी, घरात ज्ञानेश्वरीचं पारायण होतं. त्यांनी तिला गीतेतला श्लोक काढून दाखवला, की ईश्वर सगळ्यांच्या हृदयात बसून यंत्रावर चढवल्यासारखं त्यांना फिरवतो, तेव्हा ‘तुझं काय व्हायचं ते वर ठरलंय, हट्ट करू नकोस’. जातीच्या पंचांचाही निरोप आला आहे : लग्न झालं तर दंड भरा, नाहीतर घर वाळीत. वडील दंड भरायला तयार आहेत, ‘समाजाचं ऋण असतं’ म्हणून. मुलगी विचारते : माणसाला स्वतःची इच्छा खरंच असते का? हक्क मागणं म्हणजे अहंकार का? आणि समाजाचं देणं कुठपर्यंत लागतो आपण?

मी ज्ञानेश्वरीवर निरूपण करते, त्यालाही आता बराच काळ झाला. हा प्रश्न भर सभेत कोणी विचारत नाही. पोथी मिटल्यावर, चहाच्या वेळी, कोपऱ्यात नेऊन विचारतात. म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या श्लोकाचं बघू. वडिलांनी दाखवलेला श्लोक खरा आहे, 18 व्या अध्यायातला 61 वा, ‘भ्रामयन्सर्वभूतानि यन्त्रारूढानि मायया’. पण दोनच श्लोक पुढे जाऊन 63 वा वाचा : ‘विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु’. मी तुला सगळं सांगितलं, आता त्याचा नीट, पुरता विचार कर आणि तुझी इच्छा असेल तसं कर. सांगणारा प्रत्यक्ष भगवंत, ऐकणारा त्याचा भक्त, वेळ युद्धाची. तरीही त्यानं ‘मी सांगतो म्हणून कर’ असं म्हटलं नाही. यावर कोणी म्हणेल की त्यानंतर ‘मामेकं शरणं व्रज’ येतं, ते विसरलात का? नाही विसरले. शरण ये हेसुद्धा सांगावंच लागतं. आणि अर्जुन शेवटी स्वतःच्या तोंडानं ‘करिष्ये वचनं तव’ म्हणतो, तेव्हाच संवाद संपतो. यंत्रच चालवायचं असतं तर सातशे श्लोक खर्च करायची गरज काय होती? लगाम हातात होतेच.

आणि एक गंमत सांगते. ‘तुझं लग्न कुठे व्हायचं ते ठरलेलं आहे’ असं म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना मी नेहमी विचारते, ते ह्याच मुलाशी ठरलेलं नाही हे तुम्हाला कोणी कळवलं? प्रारब्ध आपल्या बाजूनं आहे, असंच प्रत्येकाला वाटत असतं.

मग दैव नाहीच का? आहे. त्याच अध्यायात, 14 व्या श्लोकात, कोणतंही काम घडायला पाच कारणं लागतात असं सांगितलंय : अधिष्ठान म्हणजे हे शरीर, कर्ता, निरनिराळी साधनं, वेगवेगळ्या हालचाली, आणि पाचवं दैव. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. जमीन, स्वतः तो, औतं-अवजारं, मशागत आणि पाऊस. पाऊस त्याच्या हातात नाही, पण पेरलंच नाही आणि पीक आलं नाही तर तो पावसाला शिव्या देत बसत नाही. पुढे 16 वा श्लोक दुसऱ्या बाजूनं कान धरतो : पाच कारणं असताना जो ‘मी एकट्यानं केलं’ म्हणतो त्याला कळत नाही. म्हणजे ‘सगळं माझ्या हातात’ हेही खोटं आणि ‘माझ्या हातात काहीच नाही’ हेही खोटं. पाचातली एक-दोन आपल्या वाट्याची आहेत. तेवढी पुरी वापरायची.

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये छापलेल्या गीतारहस्यात ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ असं एक अख्खं प्रकरणच आहे. ज्या माणसाला सरकारनं सहा वर्षांची शिक्षा देऊन ब्रह्मदेशात ठेवलं होतं, तो तिथे बसून आत्म्याच्या स्वातंत्र्यावर लिहीत होता, हे ते प्रकरण वाचताना डोक्यातून जात नाही. त्यांचं म्हणणं साधारण असं, की देह आणि मन कर्माच्या साखळीत अडकलेलं असलं तरी मोकळं होण्याची, ज्ञान मिळवण्याची जी ओढ आतून येते ती आत्म्याची स्वतःची आहे, साखळीची नाही. ती ओढ कितीही बारीक असली तरी तिच्यामागे जाता येतं.

आता माझा स्वतःचा नियम सांगते, कारण या सगळ्या गुंत्यात मला तोच उपयोगी पडला आहे. प्रारब्ध हा शब्द फक्त स्वतःबद्दल वापरायचा, आणि तोही जे होऊन गेलं त्याबद्दल. माझं मूल गेलं, माझा धंदा बुडाला, मी सगळे उपाय केले आणि तरी हातात काही आलं नाही, तेव्हा ‘भोग होता, संपला’ असं म्हणून मी उभी राहू शकते. तिथे तो शब्द माणसाला वाचवतो. पण शेजारणीला नवरा मारतो आणि मी म्हणते ‘तिचे भोग’, तर त्याच शब्दानं मी माझं दार लावून घेतलेलं असतं. उद्या काय करायचं याबद्दल तर तो शब्द काढायचाच नाही. उद्याचं अजून झालेलं नाही.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण आपल्याच संतांच्या गाथेत, एकाच घरात आहे. चोखोबांचा अभंग आहे, त्यात ते म्हणतात की पूर्वजन्मी कृष्णाची निंदा घडली म्हणून हा जन्म मिळाला, ‘चोखा म्हणे विटाळ । आम्हां पूर्वींचें हें फळ’. आणि त्यांच्याच मुलाचा, कर्ममेळ्याचा अभंग आहे : ‘आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥ जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता ॥’. बाप स्वतःच्या वाट्याला आलेल्या दुःखाचा हिशेब स्वतःशी लावतो. मुलगा तोच हिशेब थेट विठ्ठलापुढे टाकतो आणि लाज वाटत नाही का म्हणून विचारतो. हे देवाला विचारलं गेलं आणि संप्रदायानं ते अभंग म्हणून जपलं, टाळ-मृदंगात गायलं. खुद्द चोखोबाही एका सुरात अडकलेले नाहीत, बडवे मारताहेत, धाव घे म्हणून तेही ओरडतात. मंगळवेढ्याला 1338 मध्ये भिंत कोसळून ते गेले, समाधी पंढरपूरला विठ्ठलमंदिराच्या महाद्वारात आहे, नामदेव पायरीशी. आत जायला मिळालं नाही, ते आजही बाहेरच आहेत.

चोखोबांनी स्वतःबद्दल म्हटलेलं ‘पूर्वीचें हें फळ’ हे वाक्य पुढे शेकडो वर्षं इतरांनी त्यांच्या जातीबद्दल म्हटलं. वाक्य तेच, पण बोलणारा बदलला की त्याचा अर्थ उलटा होतो. डॉ. आंबेडकरांचा कर्मसिद्धांतावरचा मुख्य आक्षेप नेमका हाच होता : माणसाच्या गरिबीचं आणि हीन स्थितीचं कारण मागल्या जन्मात ढकललं की राज्य आणि समाज दोघंही जबाबदारीतून मोकळे होतात. मी पोथी वाचणारी बाई आहे, पण या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही आणि उत्तर शोधायची मला गरजही वाटत नाही. तो बरोबर आहे. त्याच बाबासाहेबांनी 1930 मध्ये नाशिकला काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू केला, 1935 मध्ये येवल्याला धर्म सोडण्याची घोषणा केली आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि दिल्या. माणसाच्या इच्छास्वातंत्र्याचा याहून मोठा दाखला गेल्या शंभर वर्षांत महाराष्ट्रात मला दिसत नाही. ज्या धर्मात जन्म झाला तोसुद्धा प्रारब्ध म्हणून न स्वीकारता, वीस-एकवीस वर्षं विचार करून त्यांनी बदलला. ‘विमृश्यैतदशेषेण’ म्हणतात ते आणखी काय असतं?

आता इच्छेबद्दल थोडं, कारण ‘माझी इच्छा’ म्हणून आपण जे म्हणतो ते नेहमी आपलं असतंच असं नाही. तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो : मनात नसतानाही, कोणीतरी जबरदस्तीनं ढकलल्यासारखा माणूस पाप का करतो? दारू सुटावी म्हणून रडणारा आणि संध्याकाळी पुन्हा गुत्त्याकडे वळणारा माणूस ज्यांनी घरात पाहिलाय त्यांना हा प्रश्न पुस्तकातला वाटणार नाही. त्याला इच्छा आहे, पण बळ नाही. इच्छा सगळ्यांना सारखी मिळालेली नसते, ती कमावावी लागते, अभ्यासानं. तुकोबांनी ‘असाध्य ते साध्य करिता सायास । कारण अभ्यास’ म्हटलंय ते यासाठीच.

वारकरी संप्रदायात माळ घालणं म्हणजे ही कमाईच आहे. तुळशीची माळ ज्ञानेश्वरीवर ठेवतात, मग गळ्यात घालतात, आणि चार माणसांसमोर माणूस कबूल करतो : दारू-मांस नाही, एकादशी करीन, वारी चुकवणार नाही, परस्त्री मातेसमान. एकदा मोठ्यानं म्हटलं की रोज संध्याकाळी नव्यानं लढाई करावी लागत नाही. निर्णय झालेला असतो, तो पाळायचा असतो. माळ तुटली तर पुन्हा ओवून गळ्यात घालेपर्यंत जुने लोक अन्नपाणी घेत नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला ही सक्ती वाटेल. पण ती त्यानं स्वतः, उघडपणे, स्वतःवर घेतलेली आहे, आणि फरक सगळा तिथे आहे. मुलाच्या गळ्यात बापानं जबरदस्तीनं घातलेली माळ मी कधी टिकलेली पाहिली नाही.

इथेच समाजाचं काम सुरू होतं. ज्याचं बळ कमी आहे त्याला ‘तुझ्या इच्छेवर आहे’ असं सांगून त्याच्या दारात गुत्ता उघडायचा, हे स्वातंत्र्य नव्हे. महाराष्ट्रात नियम आहे, गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी मतदानात ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारला तर दारूचं दुकान बंद होतं. बायकांनी उन्हात रांगा लावून अशी दुकानं बंद केलीत. पिणाऱ्याच्या हक्कावर हे अतिक्रमण आहे का, असं एका शिकलेल्या मुलानं मला विचारलं होतं. मी म्हटलं, त्याचा प्यायचा हक्क कोणी काढून घेतलेला नाही, तालुक्याला जाऊन पिऊ शकतो. त्याला घरी परतायचा रस्ता जरा मोकळा केला, एवढंच.

मुख्य प्रश्नाकडे येते : हक्क मागणं म्हणजे अहंकार का?

आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या माउलींच्या पालखीत, मुक्कामाच्या तळावर रोज संध्याकाळी समाजआरती असते. हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी जरा तपशिलात सांगते. दिवसभर चाललेल्या दिंड्या तळावर पालखीभोवती गोल करून उभ्या राहतात. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार, म्हणजे सोहळ्याची शिस्त सांभाळणारे, हातातला दंड वर करतात आणि लांब आरोळी देतात. एका क्षणात सगळे टाळ थांबतात. पण एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात. त्याचा अर्थ, त्या दिंडीची तक्रार आहे. पाण्याचा टँकर आला नाही, कोणी क्रम सोडून मध्ये घुसलं, मुक्कामाच्या जागेवरून वाद झाला, काहीही. चोपदार त्या दिंडीकडे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, तोड काढतात. मग ते टाळ थांबतात. दिवसभरात हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. आणि त्यानंतर आरती.

बघा, आरती थांबलेली असते. माउलींची पालखी समोर, लाखभर माणूस चालून दमलेला, आणि एका दिंडीच्या गाऱ्हाण्यासाठी सगळे उभे. ‘अरे, वारीत कसली भांडणं, सोडून द्या’ असं त्यांना कोणी म्हणत नाही. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्त घालून दिली, ते शिंद्यांच्या पदरी राहिलेले होते, आणि त्यांना माणसांची पारख असावी. इतक्या लोकांना एकत्र चालवायचं तर तक्रारीला जागा ठेवावी लागते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यातही टाळ वाजवत राहायचं, ओरडायचं नाही, हा केवढा समंजसपणा! हक्क मागायची आपली रीत ही आहे. आरतीआधी मागायचा, सगळ्यांदेखत मागायचा, आणि ऐकलं गेलं की टाळ थांबवून आरतीत सामील व्हायचं.

पण याच वारीबद्दल दुसरी गोष्टही सांगायला हवी, नाहीतर मी फक्त गोडगोड सांगितल्यासारखं होईल. इरावती कर्वे वारीला चालल्या तेव्हा त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा मंडळी दिवसभर एकत्र भजन म्हणायची आणि जेवायला वेगवेगळी बसायची. त्यांनी ते लिहून ठेवलंय, आणि ते वाचून पोथीवाल्यांना अजून अवघडल्यासारखं होतं. ‘भेदाभेद भ्रम अमंगळ’ गाताना आवाज एक होता, पंक्ती दोन होत्या.

त्याच पंढरपुरात मे 1947 मध्ये साने गुरुजींनी विठ्ठलमंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. ते स्वतः ब्राह्मण, त्यांना आत जायला कोणी अडवलं नव्हतं. स्वतःला मिळत असलेली गोष्ट दुसऱ्याला मिळत नाही म्हणून ते अन्न सोडून बसले आणि देऊळ उघडलं. आत्ता मुलीनं विचारलेल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यात आहे. हक्क मागताना तो फक्त मला मिळावा असं वाटत असेल, तर त्यात अहंकाराचा वास आहे. माझ्यासारख्या सगळ्यांना मिळावा असं वाटत असेल, तर तो वास जातो. जातीबाहेर लग्न करण्याचा हक्क तुम्ही मागताय. उद्या तुमची लेक तुम्हाला न आवडणाऱ्या कुणाचं नाव घेईल, तेव्हाही तो हक्क तुम्ही मान्य कराल का? हो म्हणता येत असेल तर खुशाल मागा.

उलटा प्रश्नही येतो, की संत तर सगळं सोडून द्यायला सांगतात, ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’. सोडण्याबद्दल तुकोबांच्याच चरित्रातला प्रसंग आठवावा. दुष्काळानंतर, वैराग्य आल्यावर, त्यांनी घराण्याच्या सावकारीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवायला काढली. महिपतींनी सांगितलेल्या चरित्रात येतं, की धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, तुम्ही साधू झालात, मला प्रपंच आहे. तेव्हा तुकोबांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या. कान्होबाच्या वाटणीची खतं त्याला दिली आणि फक्त आपल्या वाटणीची नदीत सोडली. मला तुकोबांचा सगळा वैराग्यविचार या एका वाटणीत दिसतो. स्वतःचं येणं सोडायला त्यांना एक क्षण लागला नाही, पण भावाचं येणं सोडण्याचा अधिकार आपल्याला नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हे माप घेऊन तुमच्या घरात बघा. आईवडिलांच्या समाधानासाठी तुम्ही स्वतः, मनापासून, हे लग्न सोडलंत तर तो तुमचा त्याग, त्याला मी नमस्कार करीन. पण वडिलांनी तुमच्या वतीनं तुमचं लग्न ‘समाजासाठी’ सोडलं, तर ते दुसऱ्याच्या वाटणीची खतं बुडवणं झालं. त्याचं पुण्य कोणालाच लागत नाही.

समाजाच्या बाजूनं वडील बहुधा ही ओवी म्हणतील, तिसऱ्या अध्यायातली : ‘देखें मार्गाधारें वर्तावें । विश्व हें मोहरें लावावें । अलौकिक नोहावें । लोकांप्रति ॥’. चारचौघांसारखं राहा, वेगळं वागू नकोस, असा तिचा अर्थ घरोघर लावला जातो. तो फार आखूड अर्थ आहे. ओवीचा संदर्भ लोकसंग्रहाचा. ज्याला कळलंय त्यानं कर्म टाकून दिमाखानं बाजूला बसू नये, कारण त्याच्याकडे बघून इतरही हातातलं काम टाकतील. त्यानं नीट वागून जगाला वाटेला लावावं. समाजाचं ऋण म्हणतात ते हे : आपल्या वागण्याकडे बघून कोणी चुकीच्या वाटेला लागू नये याची काळजी. मग पंचांचा दंड गपचूप भरला तर पुढच्या घरातल्या मुलीला कोणती वाट दिसेल?

आणि ही ओवी लिहिणारा माणूस कोण होता ते विसरू नका. विठ्ठलपंत संन्यास घेऊन गुरूच्या आज्ञेनं परत संसारात आले, म्हणून ते घर वाळीत पडलं. परंपरा सांगते की त्या आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं आणि त्यांनी ते घेतलं. मुलांची मुंज नाकारली, चार भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावं लागलं. बहिष्कार म्हणजे काय हे ज्ञानदेवांना ऐकून माहीत नव्हतं. त्यांनी 1290 मध्ये ज्ञानेश्वरी संपवताना मागणं मागितलं तेही त्या लोकांचा नाश होवो असं मागितलं नाही. ‘खळांची व्यंकटी सांडो । तयां सत्कर्मीं रती वाढो’. दुष्टाचा दुष्टपणा जावो, माणूस राहो. दुसऱ्यालाही बदलण्याचं स्वातंत्र्य आहे, हा विश्वास त्यात आहे. तुमच्या वडिलांकडे, आणि हो, पंचांकडेसुद्धा, याच नजरेनं बघायला जमलं तर बघा. सुरुवातीला जमणार नाही, राग येईल. येऊ दे. लोकांच्या बोलण्यानं ज्ञानदेवही ताटी लावून आत बसले होते, मुक्ताईला बाहेर बोलवावं लागलं.

वडिलांबद्दल एक कडू गोष्ट सांगते. तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत असं तुमच्या पत्रातून दिसतं, हे लग्न आणि वडिलांचा आशीर्वाद. पहिली तुमच्या हातात आहे, दुसरी नाही. ‘मा फलेषु कदाचन’ हे इथे वापरायचं. तुमच्या इतकंच स्वातंत्र्य त्यांनाही आहे. लग्नाला न येण्याचं, काही दिवस न बोलण्याचंही. त्यांना लग्न थांबवता येणार नाही, तुम्हाला त्यांना जबरदस्तीनं हसवता येणार नाही. म्हातारपणी त्यांच्या औषधपाण्याचं तुमचं कर्तव्य मात्र ते बोलले तरी आणि न बोलले तरी तसंच राहतं. ते त्यांच्या वागण्यावर अवलंबून ठेवू नका. आणि निर्णय घेण्याआधी एकदा स्वतःला तपासा. तुकोबा म्हणतात, ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता’. बहुमत झुगारायला परवानगी आहे, पण साक्षीला मन उभं केलंय, ते तरी खोटी साक्ष देत नाही ना? मुलगा जातीतला असता तर त्याच्या ज्या खोडी तुम्ही मोजल्या असत्या त्या आता मोजताय का, की बंडाच्या भरात त्या दिसेनाशा झाल्यात? हे मी अनेकींना विचारलंय. बहुतेक जणी आधी चिडतात.

राहिले पंच. इथे पोथीपेक्षा कायदा जास्त उपयोगाचा. मुंबई राज्यानं 1949 मध्येच बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता, तो दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या खटल्यात 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. महाराष्ट्रानं पुन्हा 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, तो जुलै 2017 पासून लागू आहे. लग्नावरून घर वाळीत टाकणं, तसा ठराव करणं, त्यासाठी बैठक बोलावणं, चिथावणी देणं हे सगळं त्यात गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन सज्ञान माणसांच्या लग्नात अशा सभांनी आडवं येणं बेकायदा आहे, असं सर्वोच्च न्यायालयानंही 2018 मध्ये स्पष्ट केलंय. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते, थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडेही जाता येतं.

पंचांचा निरोप तोंडी आला असेल तर वडिलांना सांगा, ‘काय ते लिहून द्या, सह्या करून’ एवढंच उत्तर पाठवा. लिहून देताना बरेच पंच मवाळ होतात. फोनवर आला असेल तर तो संदेश पुसू नका. दंड भरू नका, हप्त्यानंही नाही, आणि वडिलांनी तुमच्या नकळत भरला असेल तर कोणाकडे, कधी, किती दिला ते लिहून ठेवा. नोंदणी पद्धतीनं विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणार असाल तर तीस दिवसांची नोटीस लागते आणि ती कार्यालयात लावली जाते, म्हणजे गावात कळणार. तेव्हा पंचांची तक्रार आधी करा, नोटीस नंतर द्या. वडिलांना हे सगळं वकिलाकडून कळण्याआधी तुमच्या तोंडून कळू द्या. आणि त्यांना तो 63 वा श्लोक दाखवायचा असेल तर भांडणाच्या वेळी दाखवू नका, सकाळी पारायणाला बसतील तेव्हा पोथी त्या पानावर उघडून ठेवा.